सुतकातली जीप

चिंचवड
१४ सप्टेंबर १९७८

पद्मा,

तुझं पत्र मिळालं. वर 'चि. सौ.' घातलं नाही म्हणून फणकारू नकोस. सहा वर्षं या घरात तुझ्या नावामागे सौ. लावायची सोय नव्हती, त्यामुळे हाताला ते वळणच नाही. अप्पा गेले म्हणून ते लगेच हाताला यायचंही नाही.

तू लिहितेस, 'त्यांच्या लेखी मी लग्न केलं त्याच दिवशी मेले, आता मी का म्हणून रडू?' नको रडूस. ओल्या बाळंतिणीने रडूही नये. पण त्याच्या खाली जे लिहिलंस, की ताई, झालं ते झालं, गाडीवाल्याला शोधून काय मिळणार आहे, ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

तारेत चार शब्द मावले, म्हणून आता सगळं लिहिते. गेल्या आठवड्यात मंगळवारी चहा घेऊन अप्पा 'जरा जाऊन येतो' म्हणाले आणि बाहेर पडले. लोकलने कासारवाडीला उतरले. हमरस्ता ओलांडत असताना पुण्याच्या बाजूने जीप आली, त्यांना उडवलं आणि न थांबता भोसरीच्या रस्त्याला वळून गेली. दिवसाउजेडी. लोकांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं.

तुझ्या सासूबाई आवाज ऐकून धावत आल्या. त्यांचं घर तिथून किती जवळ आहे ते मी तुला सांगायला नको. टेम्पो मिळेपर्यंत छबूबाई रस्त्यात बसून होत्या, अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन. जीप वळताना त्यांनी पाहिली. हिरवट रंग, कापडी टप. डाव्या दिव्याची काच फुटून रस्त्यावर पडली होती, तीही त्यांनीच गोळा केली. पोलिसांना त्या काचेचं काही कौतुक वाटलं नाही.

पोलिसांना कशाचंच कौतुक वाटलेलं नाही. पंचनाम्यात लिहिलंय, 'इसम वयोवृद्ध, दृष्टी अधू, भ्रमिष्टावस्थेत रस्ता चुकून हमरस्त्यावर आला असावा.' अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली आणि मोकळे झाले. फौजदार मला म्हणाला, "बाई, भोसरीत जीपा काय कमी आहेत? आणि वडिलांचं वयही झालं होतं."

भ्रमिष्ट म्हणे. अप्पा! आदल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून भर श्रावणात डिंकाचे लाडू करवून घेतले. मी म्हटलं, "थंडी तरी पडू द्या." तर म्हणाले, "माझे गुडघे थंडीची वाट बघत नाहीत." ज्याला असं उत्तर सुचतं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं सरकारी कागदावर लिहून ठेवलंय.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. जीप चालवणारा माणूस आणि ते वाक्य खोडलेलं. त्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. भिलाईला येऊन राहा म्हणतेस, ते तूर्त जमणार नाही.

कासारवाडीला कशाला गेले होते, असं विचारलंयस. म्हाताऱ्या माणसांना कुठेही जावंसं वाटतं. यंदा घरी गणपती बसला नाही. बाळाला जप.

ताई

चिंचवड
२८ सप्टेंबर १९७८

पद्मा,

तू सासूबाईंवर रुसली आहेस हे तुझ्या अक्षरावरूनही कळतं. नातू झाला, तिकीट काढलेलं, आणि आजी आल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, इथलं मी बघते. तर मला म्हणाल्या, "नातू काय पळून जात न्हाई. ह्ये माझ्या दारात झालंय. त्याचं काय त्ये लागल्याबिगर मी उंबरा वलांडनार न्हाई. तिला सांग, रागवायचं आसंल तर रागव." सांगितलं. आता रागव.

खरं सांगू का, तुझं लग्न झालं तेव्हा मी या बाईचं तोंडही पाहिलं नव्हतं. अप्पांची ताकीद होती, आणि मलाही वाटायचं की कासारवाडीच्या शेतकऱ्याघरी आपलं काय जमणार. आता आठवड्यातून चार दिवस आम्ही पोलीस चौकीच्या बाकावर शेजारी शेजारी बसतो. त्या गुळाचा खडा देतात आणि मी सहामाहीचे पेपर तपासते.

हो, पेपर तपासते. शाळा सुटली की थेट चौकीत जायचं, बाकावर बसायचं, लाल पेन काढायचं. फौजदार पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, तपास चालू आहे, घरी जा." मी म्हटलं, चालू द्या, मीही माझं काम चालू ठेवते. त्याला हाकलता येईना, कारण मी ना ओरडत होते ना रडत होते. आता जमादार मला चहा देतो. त्याची मुलगी सातवीत आहे, अपूर्णांकात गोते खाते. तिची उदाहरणं मी बाकावरच सोडवून घेते. फौजदाराला हे आवडत नाही, पण जमादाराच्या बायकोला फार आवडतं म्हणे.

परवा छबूबाई फौजदाराला म्हणाल्या, "सायेब, तुमचीच जीप चोरीला गेली आस्ती, तर घावली आस्ती का न्हाई?" तो म्हणाला, ती गोष्ट वेगळी. "व्हय, येगळीच," म्हणाल्या, "तिला नंबर आस्तोय. आमच्या व्याह्यांना न्हवता."

मी स्वतःही फिरले. भोसरीच्या रस्त्यावरच्या गॅरेजांत विचारलं, हिरव्या जीपचा डावा दिवा कुणी बसवून घेतला का. कुणी बोलत नाही. सगळ्यांना कंपन्यांचीच कामं मिळतात. एका कंपनीच्या गेटवर गेले तर वॉचमनने विचारलं, 'कुणाकडे काम आहे?' मी म्हटलं, तुमच्या जीपकडे. त्याने गेट लावून घेतलं. मोठी कंपनी असली तर गाडी तिच्याच वर्कशॉपात दुरुस्त होणार आणि बाहेरच्या माणसाला दिसणारही नाही. तिथे मी अडले आहे.

छबूबाई मात्र म्हणतात, "अडायचं कशापायी? नवरात्र बसू दे." पुढे काही सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

अप्पा कासारवाडीला कशाला गेले होते, असं तू पुन्हा विचारलंयस. काही आणायला गेले असतील. तू नीट जेव, आणि तिकडे कुणी सांगितलं तरी इतक्यात गार पाण्यात हात घालू नकोस.

ताई

चिंचवड
१२ ऑक्टोबर १९७८

पद्मा,

सापडली.

नवरात्र बसू दे म्हणजे काय ते परवा कळलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुजतात, गाड्या धुऊन अंगणात ओळीने लावतात, आणि त्या एका दिवशी कामगारांच्या बायकापोरांना गेट उघडं असतं. मी इतकी वर्षं चिंचवडात राहते, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. वर्षभर झाकून ठेवलेली गाडीसुद्धा त्या दिवशी बाहेर येते. कारखान्याचा मालक कितीही साहेब असो, गाडी न पुजता ठेवायची छाती कुणाला होत नाही.

शाळेत रजा टाकली. छबूबाई हिरवं इरकल नेसून, नथ घालून आल्या. मला म्हणाल्या, "मास्तरीनबाई, चौकीत बसल्यावानी तोंड करू नका. सनाला चाललोय." त्यांचं माहेर भोसरीचं. ज्या जमिनींवर या कंपन्या उभ्या आहेत त्यातल्या कितीतरी त्यांच्या भावकीच्या, म्हणून प्रत्येक गेटवर त्यांचा कुणी ना कुणी वॉचमन किंवा हेल्पर आहे. कुणी आत्या म्हणतो, कुणी मावशी. मला जिथे दार लावून घेतलं होतं, तिथे त्या पदर सावरत आत शिरल्या आणि वॉचमनलाच विचारलं, "हितं आमची चिंच हुती रं, कुठं गेली?"

आम्ही एकामागून एक कंपन्या फिरलो. प्रत्येक ठिकाणी पेढे. हातात रुमालभर पेढे साठले. हिरव्या जीपा दोन दिसल्या, एकीचे दोन्ही दिवे जुने, दुसरीला पत्र्याची बॉडी. उन्हं चढली तसा माझा धीर सुटत चालला. छबूबाई म्हणाल्या, "माझा पुतन्या खंडू हाय त्यो कारखाना ऱ्हायलाय. तेवढा बगू."

खंडू तिथे यंत्रांवर फिटर आहे, गाड्यांच्या शेडकडे त्याचं जाणं होत नाही. त्याने आम्हाला आत नेलं. अंगणात गाड्यांची ओळ होती. ट्रक, टेम्पो, दोन मोटारी, सगळ्यांना झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ फोडलेले. कडेला एक जीप. नवाकोरा निळा रंग, वास अजून येत होता. धुतलेली, पुसलेली, पण हार नाही, कुंकू नाही, पुढे नारळाचं पाणीही नाही. तिचा ड्रायव्हर हात मागे बांधून बाजूला उभा. पन्नाशीचा असेल.

मॅनेजर साहेब पेढे वाटत आले. मलाही पेढा दिला, नमस्कार केला. मग त्यांचं लक्ष गेलं. "दत्तोबा, हार कुठाय? घाल की."

दत्तोबा हलला नाही.

"अरे, काय ऐकू येत नाही का?"

"सायेब, मी न्हाई घालनार," तो म्हणाला. साहेब इकडे तिकडे बघून हसले, दुसऱ्या कुणाला तरी हार घालायला सांगितलं आणि घाईने ऑफिसात गेले. ज्याला सांगितलं तोही हार हातात धरून तसाच उभा राहिला.

छबूबाई जीपपाशी गेल्या. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "का रं बाबा, ह्या गाडीला हार का न्हाई?"

"सुतक हाय," दत्तोबा म्हणाला.

"गाडीला?"

"गाडीला. मानूस गेलं म्हंजी वरीसभर पुजायची नसती. आमच्यात तसं हाय."

त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्याने आमच्याकडे नीट पाहिलं. मी पांढरी साडी नेसले होते. पद्मा, मी काय काय बोलणार म्हणून मनात ठरवून गेले होते, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी एवढंच म्हटलं, "ते माझे वडील होते."

तो खाली बसला, जीपच्या चाकाशी, धुतलेल्या ओल्या फरशीवर. म्हणाला, "मी शेजारी हुतो बाई. चालवत सायेब हुतं. मी थांबा थांबा म्हनलं." खंडूने त्याला पाणी दिलं. निळ्या रंगाखाली डाव्या दिव्याच्या कडेला हिरवा पोपडा अजून होता. खंडूने तो नखाने उचलून मला दाखवला.

मी रडले नाही. परत येताना बसमध्ये छबूबाई रडल्या, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, आणि मी त्यांचा हात धरून बसले. साहेबांनी दिलेला पेढा अजून पिशवीत आहे. तो खायचा नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

ताई

चिंचवड
९ नोव्हेंबर १९७८

पद्मा,

दिवाळी तुमची कशी झाली? आमच्याकडे पणतीसुद्धा नाही, पण चौकीत मात्र गर्दी.

फौजदाराला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गाडीला हार घातला नाही हा काय गुन्हा आहे, बाई?" मी म्हटलं, नाही. म्हणून ड्रायव्हर स्वतः येईल. दत्तोबा आला. फौजदाराने त्याला उद्या या सांगितलं, मग परवा या. तर तो आमच्याच बाकावर येऊन बसला. आम्ही तिघं. छबूबाईंनी त्यालाही गुळाचा खडा दिला. शेवटी जमादारानेच कागद पुढे ओढला आणि जबाब लिहून घेतला. फौजदाराच्या तोंडावर म्हणाला, "साहेब, बाईंसमोर बसून रोज लाजायला होतं." जबाब झाला म्हटल्यावर फौजदारालाही जाऊन जीप ताब्यात घ्यावी लागली. रंग खरवडल्यावर खाली हिरवं निघालं, आणि छबूबाईंनी जपून ठेवलेली काच आता अगदी मुद्देमाल म्हणून सन्मानाने पुडीत गेली.

दत्तोबाची नोकरी गेली. खंडूच्या भावाचा टेम्पो आहे, चाकणच्या बाजारातून कांदा आणायचा, तो आता दत्तोबा चालवतो. मी त्याला म्हटलं, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. म्हणाला, "न्हाई बाई, मला आता जेवान जातंय."

आणि एक. मॅनेजर साहेब घरी आले होते. एकटेच, मोटार गल्लीच्या तोंडाशी ठेवून. चांगले शिकलेले, आपल्यासारखंच बोलणारे गृहस्थ. म्हणाले, तुमच्या नात्यात कुणी मुलगा असेल तर कंपनीत चिकटवून घेतो, वडील काही परत येणार नाहीत. मी विचारलं, "थांबला का नाहीत?" मग म्हणाले, "घाबरलो." मला त्यांची कीव आली, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. पण घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो. हा माणूस रंगारी बोलावून बसला होता. पिशवीतला तो पेढा मी त्यांच्या हातावर ठेवला आणि दार लावलं.

ताई

चिंचवड
२५ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. पद्मा,

बघ, लिहिता आलं.

बाळाचं उष्टावण झालं, वरणभात मटामटा खातो, असं ज्योतीरामने आपल्या आईला, छबूबाईंना, कळवलं. मी त्याचीच वाट बघत होते. अंगावर पिणारं मूल असताना बाईने धसका घेतला तर दूध आटतं म्हणतात. मी गणित शिकवणारी, मला हे पटत नाही, पण तुझ्या बाबतीत परीक्षा घ्यायची छाती झाली नाही. छबूबाईंनाही मी शपथ घातली होती. आता खाली बसून वाच. जमलं तर ज्योतीराम जवळ असताना वाच.

पुढच्या महिन्यात मॅनेजर साहेबांवरचा खटला उभा राहतोय. सरकारी वकील भला माणूस आहे. तो म्हणाला, दत्तोबाचा जबाब पक्का आहे, रंग आणि काच पक्की आहे, पण समोरचा वकील एकच मुद्दा घासणार. म्हातारा भ्रमिष्ट होता, कुठे चाललोय ते त्यालाच ठाऊक नव्हतं, अचानक गाडीपुढे आला. पंचनाम्यातच तसं लिहिलंय. तेव्हा ते तिथे कुठे आणि कशाला चालले होते, हे शपथेवर कोण सांगू शकेल?

मी सांगू शकते. छबूबाई सांगू शकतात. तुझ्या कानावर जाईल म्हणून चौकीतही आम्ही ते सांगितलं नव्हतं. आणि आम्ही कोर्टात सांगितलं की उद्या पुण्याच्या पेपरात येईल आणि परवा कुणीतरी तुला पाठवेल. ते तुला परक्याकडून कळू नये म्हणून हे पत्र.

श्रावणात छबूबाईंनी खंडूकडून आपल्या घरी पेढे पाठवले, नातू झाला म्हणून. अप्पांनी दार उघडलं. मला वाटलं, आता पुडा अंगणात जातो. त्यांनी तो घेतला, आत येऊन बसले आणि एक पेढा खाल्ला. दोन दिवसांनी मला म्हणाले, लाडू कर. गुडघे दुखतात.

मी लाडू वळत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "जायफळ भरपूर घाल." पद्मा, जायफळाचा वास आला तर अप्पा पानावरून उठायचे, आणि लहानपणी तू मात्र बासुंदीच्या भांड्यातलं जायफळ बोटाने पुसून खायचीस. मला तिथेच सगळं कळलं. मी खाली मान घालून जायफळ किसत राहिले, कारण मी वर पाहिलं असतं तर त्यांना पुन्हा गुडघ्यांचं नाव घ्यावं लागलं असतं.

त्या मंगळवारी ते लाडवांचा डबा घेऊन निघाले. छबूबाई गुरुवारच्या गाडीने भिलाईला निघणार, हे त्यांनी खंडूकडून काढून घेतलं होतं. खंडूलाच निरोपही दिला होता, की मंगळवारी चहाला येतो. तुझ्या सासूबाईंनी त्या दिवशी घर सारवून घेतलं होतं, नवी कपबशी काढली होती. व्याही पहिल्यांदा घरी येणार म्हणून त्या दारातच उभ्या होत्या; आवाज ऐकून धावल्या, असं मी तुला खोटंच लिहिलं होतं. अप्पांनी रस्त्याच्या पलीकडून त्यांना पाहिलं आणि हात वर केला. छबूबाई मला सांगताना नेहमी इथे थांबतात. म्हणतात, "वळखलं त्यांनी मला. लगीच वळखलं." म्हणून त्या इथून हलल्या नाहीत. त्यांच्या दाराकडे येत असलेला पाहुणा होता तो.

डबा एका बाजूने चेपला, पण झाकण उघडलं नाही. दवाखान्यातून आल्यावर छबूबाईंनी तो पदराखालून काढून मला दिला. आता तो कोर्टात जमा होईल. समोरच्या वकिलाने खुशाल उघडून बघावा आणि विचारावं, की भ्रमिष्ट माणूस बाळंतिणीचे लाडू घेऊन नेमका मुलीच्या सासरी कसा चालला होता.

तू आता रडशील. रड. पण 'त्यांच्या लेखी मी मेले होते' हे वाक्य मात्र पुन्हा लिहू नकोस. पंचनाम्यातलं वाक्य मी खोडून घेणार आहे, तुझं तू खोड.

छबूबाई येत्या गुरुवारी निघताहेत. नातवाला बघतील, आठवडाभर राहतील, आणि येताना तुला आणि बाळाला घेऊन येतील. तारखेला मी पिंजऱ्यात उभी राहीन तेव्हा तू समोर बसायला हवीस. त्या मॅनेजरने तुला पाहावं. ज्योतीरामला रजा मिळाली तर उत्तमच. त्याला म्हणावं, या घराचं दार आता उघडं आहे, आणि मेहुणी जरा तापट आहे, सांभाळून घे.

छबूबाईंबरोबर डबा पाठवतेय. लाडू मी पुन्हा केले. जायफळ भरपूर घातलंय.

तुझी
ताई